दुसरा बाण जास्त शहाणा का निघतो?

डिसेंबरच्या सकाळी साडेसहाला नागपुरात पारा दहा-बारा अंशांवर असतो. मैदानावर दव, बोटं आखडलेली, आणि ५० मीटरवरच्या टार्गेटवर ८ सेंटिमीटरची दहाची रिंग, म्हणजे बेताच्या संत्र्याएवढी. पहिला बाण सातात जातो. दुसरा नवात, तिसरा दहात. बाजूला उभं असलेलं कुणीतरी हमखास म्हणतं, "पहिला गेला ना वाया, आता बघा कसे लागतात."

अमेरिकेत धनुष्याने हरणाची शिकार करणाऱ्यांतही हीच समजूत पक्की आहे. तिथे परवाना काढून अशी शिकार करता येते. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, तेव्हा पेंच-उमरेडकडे धनुष्य घेऊन कुणी फिरकूही नये. पण प्रश्न दोन्हीकडे एकच: हुकल्यावर नेम सुधारतो का?

सर्वांत लाडकं उत्तर सर्वांत लंगडं आहे, ते आधी निकालात काढू. म्हणे, पहिला बाण गेला की दडपण उतरतं. दडपण असतं यात वाद नाही. तासन्‌तास मचाणावर बसल्यावर हरीण समोर आलं की छातीत धडधडतं, हात कापतो. तिथे त्याला 'बक फीव्हर' असं नावच पडलं आहे. पण हे ज्या अ‍ॅड्रेनलिनमुळे होतं, ते रक्तात निम्म्यावर यायलाच दोन-तीन मिनिटं लागतात. पंधरा-वीस सेकंदांत दुसरा बाण सोडणाऱ्याच्या अंगातून ते उतरलेलं नसतं. हुकल्याच्या चिडीने उलट थोडं चढलेलंच असेल. बदलतं ते लक्ष. पहिल्या वेळी डोळे शिंगांवर असतात. दुसऱ्या वेळी पिन, म्हणजे धनुष्याच्या साइटवरची नेमाची खूण, कुठे आहे, दोरी ओढलेला हात गालावरच्या ठरलेल्या जागी (अँकरला) नीट लागला का, इकडे मन येतं. एवढ्यापुरतं ते उत्तर खरं.

त्याहून भक्कम कारण साधं आहे: पहिला बाण माहिती घेऊन येतो. बाण सेकंदाला ८० मीटर वेगाने सुटला असं धरा. ३० मीटर जायला त्याला ०.३७ सेकंद लागतात, तेवढ्यात तो गुरुत्वाकर्षणाने सुमारे ७० सेंटिमीटर खाली येतो. साइट लावताना आपण हीच घट भरून काढलेली असते. आता शिकाऱ्याने ३० मीटरसाठी लावलेली पिन धरली आणि हरीण निघालं ४० मीटरवर. तिथवर घट होते जवळजवळ सव्वा मीटर, आणि नेम दिलेल्या जागेपेक्षा बाण ३० सेंटिमीटर खालून जातो. अंदाज फक्त दहा मीटरने चुकला, पण बाण पोटाखालून गेला. तो कुठे रुतला हे दिसलं की दुसऱ्या वेळी ४० ची पिन धरायला फार अक्कल लागत नाही. तोफखान्यात पहिला गोळा अंतर बघायलाच टाकतात, त्यातलाच हा प्रकार.

कधी बाण वरून जातो आणि नेम मात्र बरोबर असतो. आवाज सेकंदाला ३४० मीटर धावतो, म्हणजे ३० मीटरवरच्या हरणाला दोरीचा टणत्कार ०.०९ सेकंदातच ऐकू येतो. बाण पोहोचायला अजून पाव सेकंदाहून जास्त वेळ असतो. उडी घेण्यासाठी हरीण आधी गुडघे मोडून खाली दबतं. दचकण्यात एक दशांश सेकंद गेला असं मानलं तरी उरलेल्या वेळात त्याची पाठ पंधरा-वीस सेंटिमीटर खाली येऊ शकते. मग ते चार उड्या मारून थांबतं, मान वळवून बघतं, कारण बाण कुठून आला ते त्याला कळलेलं नसतं. दुसरा नेम या स्थिर उभ्या हरणावर असतो.

आणि न थांबणारी हरणं? ती पळून जातात, दुसरा बाण भात्यातच राहतो. "पहिला हुकला, दुसरा लागला" या किश्श्यांत फक्त थांबलेली हरणं मोजली जातात. पळालेल्यांचा हिशेब कुणी सांगत बसत नाही.

मैदानावर ना हरीण ना अंतराचा घोळ. ५० मीटर म्हणजे ५० मीटर, टेपने मोजलेले. तरी सकाळचा पहिला बाण सातात का? विश्रांतीनंतर कोणत्याही सरावलेल्या कामात पहिले एक-दोन प्रयत्न घसरतात आणि लगेच सावरतात. कौशल्य विसरलेलं नसतं, फक्त त्या कामाला लागणारी शरीराची मांडणी सैल पडलेली असते: किती जोर, किती ताण, लक्ष कुठे. नॅक्सन आणि श्मिट या संशोधकांनी १९७१ मध्ये हे हाताच्या पकडीचा जोर मोजून तपासलं. उजव्या हाताने ठरावीक जोर लावायला शिकवलं आणि मध्ये विश्रांती दिली. ज्यांनी त्या वेळात डाव्या हाताने तशाच प्रकारचं जोर ठरवण्याचं काम केलं, त्यांची घसरण जवळपास नाहीशी झाली. दुसऱ्या हाताच्या कामाने पहिल्या हाताचा नेम टिकला, हे ध्यानात ठेवा. पुढे कामाला येईल.

थंडीत याला आणखी एक जोड मिळते. आखडलेली पाठ पूर्ण ताण देत नाही. रिकर्व्ह (टोकं पुढे वळलेल्या) धनुष्यात दोरी एक सेंटिमीटर कमी ओढली तर धनुष्याचा जोर साधारण एक पौंडाने घटतो आणि बाण खाली जातो. दोरी पुरी ओढली की 'टक्' वाजणारा क्लिकर लावलेला असेल तर ही चूक पकडली जाते. नवशिक्यांच्या धनुष्यावर तो बहुधा नसतो.

आता नुसतं गणित. फाशावर एक पडला, तर पुढचं दान त्याहून मोठं पडण्याची शक्यता सहापैकी पाच. फासा सुधारला का? नाही. वाईट दानानंतर बहुतेक दानं बरीच दिसणार, एवढंच. तिरंदाजाची सरासरी नऊ असेल, तर सातानंतर आठ-नऊ-दहाच येण्याची शक्यता जास्त, त्याने काहीही बदललं नाही तरी. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमन यांना इस्रायली हवाई दलाचे प्रशिक्षक ठासून सांगत, की ओरडल्यावर वैमानिक सुधारतो आणि कौतुक केल्यावर बिघडतो. तिथेही मुख्यतः हीच गाठ होती. आपल्याकडच्या कितीतरी कोचांचा ओरडा याच गणितावर नाव कमावून बसला आहे.

मग आपल्या बाबतीत खरं कारण कोणतं, हे कळणार कसं? दोनशे पानी वही घ्या. महिनाभर दिवसाचा पहिला बाण वेगळा लिहा, गुण आणि घड्याळाची दिशा, म्हणजे "७, सहा वाजता". त्याखाली दुसरा बाण. तीस दिवसांनी पहिल्या बाणाची सरासरी दुसऱ्यापेक्षा स्पष्ट कमी दिसली, तर गडबड अंग तयार नसण्याची आहे. आता दुसऱ्या बाणांचे दोन गट पाडा: चांगल्या पहिल्यानंतरचे आणि वाईट पहिल्यानंतरचे. दोन्ही सरासऱ्या सारख्या निघाल्या, तर चुकीने काही शिकवलेलं नाही, फाशाचाच खेळ आहे. वाईटानंतरची सरासरी खरोखर वर असेल, तरच हुकल्याचा फायदा होतोय असं म्हणता येईल. आणि पहिले बाण सतत सहा वाजता, म्हणजे मध्याच्या सरळ खालीच, पडत असतील, तर दडपणाच्या गप्पा सोडा, ताण पुरा होतोय का ते बघा.

सर्वांत जास्त नुकसान मात्र हुकल्या हुकल्या साइट फिरवण्याने होतं. पिन डोळ्यापासून ९० सेंटिमीटरवर असेल तर एक मिलिमीटर सरकवल्यावर ५० मीटरवर बाण साडेपाच सेंटिमीटर हलतो, दहाच्या रिंगच्या अर्ध्याहून जास्त. तुमच्या बाणांचा गटच मुळात मुठीएवढा पसरत असेल, तर एका बाणावरून काहीच ठरत नाही. संख्याशास्त्रज्ञ डेमिंग यांचा नरसाळ्यातून गोळ्या टाकण्याचा प्रयोग गुणवत्ता नियंत्रणात प्रसिद्ध आहे: प्रत्येक चुकीनंतर तेवढीच उलट दुरुस्ती केली, तर पसारा घटण्याऐवजी १.४१ पट होतो. सहा बाण सोडा, गटाचा मध्य बघा, मग हात लावा. दुरुस्ती बाणाच्या मागे मागे: बाण खाली पडत असतील तर पिनही खाली.

पहिला बाण वाया जायलाच हवा असा काही नियम नाही. आपल्या नागपूरच्या ओजस देवतळेने २०२३ मध्ये बर्लिनला जागतिक अजिंक्यपदाचा अंतिम सामना १५०-१४९ असा जिंकला. तीन-तीन बाणांच्या पाच फेऱ्या, पंधराच्या पंधरा दहा.

नॅक्सन-श्मिटचा धडा इथे वापरायचा. बाण न सोडताच अंगाला त्या कामाची आठवण द्यायची. फिजिओथेरपीचा रबरी पट्टा, तो नसेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घेऊन बारा वेळा पूर्ण अँकरपर्यंत ओढा, तीन सेकंद धरा. मग बाण लावून, टार्गेटकडे रोखून, धनुष्य पूर्ण ताणा आणि सावकाश परत आणा. कंपाउंडवाल्यांनी (कप्प्यांचं धनुष्य वापरणाऱ्यांनी) बोट रिलीजच्या, म्हणजे दोरी सोडायच्या साधनाच्या, ट्रिगरपासून लांब ठेवायचं. असं दोन-तीनदा. बाण न लावता दोरी कधीही सोडू नका. बाणाला मिळायची ती सगळी ऊर्जा लिंबमध्ये, म्हणजे धनुष्याच्या वाकणाऱ्या पात्यांत, परत जाते, आणि लिंबला चीर पडते किंवा दोरी तुटून तोंडावर येते.

स्पर्धेत बरोबरी झाली की शूट-ऑफला एकेकच बाण मिळतो. दोघांचे गुण सारखेच आले तर मध्याच्या जवळ ज्याचा, तो जिंकला. याचा सराव म्हणून दिवसाच्या शेवटी धनुष्य वीस मिनिटं स्टँडला लावून ठेवावं, चहा घ्यावा. मग ट्यूब, बाण लावून पण न सोडता दोन ताण, आणि वीस सेकंदांत एक बाण. लागो न लागो, वहीत नोंद करायची आणि किट आवरायचं. दुसरा सोडायचा नाही.