न्ग्वेन्या: जगातील सर्वांत जुनी खाण नेमकी कशाची?

एस्वातिनीच्या (पूर्वीच्या स्वाझीलँडच्या) वायव्य टोकाला, दक्षिण आफ्रिकेच्या सीमेलगत न्ग्वेन्याचा डोंगर आहे. 'आफ्रिकेतल्या प्राचीन राज्यातील जगातली सर्वांत जुनी लोखंडाची खाण' असे त्याचे वर्णन अधूनमधून वाचायला मिळते. त्यातला 'सर्वांत जुनी' हा भाग बऱ्यापैकी खरा. 'राज्य' आणि 'लोखंड' या दोन शब्दांनी मात्र घोळ केला आहे.

राज्याचे आधी उरकू. आजचे राजघराणे या भागात गेल्या अडीचशे-तीनशे वर्षांतले. इथले खोदकाम त्याच्या हजारो वर्षे आधीचे.

लोखंडाचा घोळ जास्त चिवट. कड्यात कोरलेल्या 'लायन कॅव्हर्न' या पोकळीतून ज्यांनी दगड काढला, त्यांना धातू वितळवणे ठाऊकच नव्हते. त्यांना हवा होता रंग. दगड हेमॅटाइटचा, म्हणजे भूगर्भशास्त्राच्या लेखी लोहखनिजच. पण खोदणाऱ्यांच्या लेखी तो गेरू. त्यातलाच स्पेक्युलराइट हा प्रकार अभ्रकासारखा चमकतो, आणि आफ्रिका खंडाच्या दक्षिण भागात तो अंगाला-केसांना लावण्याची चाल अलीकडच्या काळापर्यंत होती. खनिज एकच असल्याने रंगाच्या खाणीला सर्रास लोखंडाची खाण म्हटले जाते. मराठी वाचकाला हा फरक समजवायला नको: तुळशीवृंदावनाला गेरू लावताना आपण लोखंड लावतोय असे कुणी म्हणत नाही. खुद्द डोंगराच्या या सोंडेचे नाव 'बोमवू', म्हणजे लाल. स्थानिकांनी रंगच पाहिला होता.

१९६० च्या दशकात तिथल्या कोळशाच्या कार्बन-१४ चाचणीतून सुमारे ४३,००० वर्षे हे वय निघाले. ही पद्धत ५०,००० वर्षांच्या आसपास लंगडी पडते, त्यामुळे आकड्याभोवती शंका राहिली. मातीच्या कणांवर शेवटचे ऊन कधी पडले हे मोजणाऱ्या नव्या पद्धतीने २०२४ मध्ये हे वय सुमारे ४८,००० वर्षांपर्यंत मागे गेले. दगडी हत्यारांनी किमान १,२०० टन माल निघाला असावा, असा जुना अंदाज आहे. खरीखुरी लोखंडाची भट्टी या परिसरात आली ती इ.स. ४०० च्या सुमारास, शेती-गुरे घेऊन आलेल्या लोकांबरोबर.

मुळात पुरातत्त्वज्ञ तिथे घाईने पोचले, कारण मागून यंत्रे येत होती. १९६४ मध्ये आधुनिक खाण सुरू झाली आणि केवळ हा माल बंदरापर्यंत नेण्यासाठी देशातला पहिला रेल्वेमार्ग टाकला गेला. खनिज तेव्हाच्या पोर्तुगीज मोझांबिकमधून जपानला जाई. त्याच काळात गोव्याचे खनिजही मुरगावहून जपानी पोलाद कारखान्यांकडे जात होते. १९७० च्या दशकाच्या अखेरीस चांगला माल संपला. मागे उरले पाण्याने भरलेले खड्डे आणि टाकाऊ मालाचे ढीग. गोव्यात याला 'डंप' म्हणतात.

आणि डंपवरूनच पुढचा वाद. २००८ मध्ये हे ठिकाण युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेले. तीनच वर्षांनी, २०११ मध्ये, सरकारने तेच ढीग पुन्हा उपसण्याचा परवाना दिला, तोही मूळच्या गोव्यातल्या एका खाण उद्योगसमूहाला. वेळ समजून घेण्यासारखी आहे. चीनच्या मागणीमुळे हलक्या प्रतीचा माल विकला जात होता आणि २०११ च्या सुरुवातीला भाव टनाला १८० डॉलरच्या वर होता. समर्थकांचा मुद्दा रोजगाराचा आणि महसुलाचा. गुहेला हात लागणार नाही, फक्त ढीग हलतील, असेही सांगितले गेले. हा बचाव अर्धवटच पटतो. वारसा म्हणजे एक गुहा नव्हे, तर रंगापासून रेल्वेपर्यंतचा अख्खा डोंगर, हेच तर या ठिकाणाचे वेगळेपण. शिवाय पाणी आणि धूळ सोसायची ती खालच्या वस्त्यांनी.

परवाना रद्द करण्याची वेळ कुणावर आलीच नाही. २०१४ मध्ये भाव कोसळले, वर्षअखेरीस टनाला ७० डॉलरच्याही खाली गेले आणि काम थांबले. कंपनी दिवाळखोरीत निघाली.