बिकिनी ते तारापूर: माशांतल्या किरणोत्साराची भीती आली कुठून?

श्रावण सरला, गणपती उठले आणि नाशिकच्या मासळी बाजारात पुन्हा गर्दी दिसू लागली. ही गोष्ट २०२३ची. माझ्या पुढे उभ्या असलेल्या एका बाईंनी पापलेटाचा भाव विचारला. मावशींनी सवयीने कल्ला उघडून लाल रंग दाखवला. बाईंचं लक्ष तिकडे नव्हतं. "हे जपानकडच्या समुद्रातलं नाही ना?" त्यांनी विचारलं. "नाही हो ताई, सातपाटीचं आहे, पहाटेच्या गाडीने आलंय." बाई क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "सातपाटी म्हणजे तारापूरच्या जवळचंच की!"

तारापूरला अणुवीज केंद्र आहे. बाईंच्या त्या दोन वाक्यांच्या मागे जवळपास सत्तर वर्षांचा इतिहास उभा आहे. ही भीती अडाणीपणाची नाही, हे आधीच सांगतो. तिला कारणं आहेत. त्यातली काही खरी आहेत, काही आता उरलेली नाहीत, आणि काही चुकीच्या जागी येऊन चिकटली आहेत.

आधी ऑगस्ट २०२३. जपानने फुकुशिमाच्या अपघातग्रस्त अणुप्रकल्पात टाक्यांत साठवलेलं किरणोत्सारी पाणी गाळून २४ ऑगस्टपासून पॅसिफिकमध्ये सोडायला सुरुवात केली. आपल्याकडे आदल्याच दिवशी चांद्रयान उतरलं होतं, आणि कांद्यावरच्या ४० टक्के निर्यातशुल्कामुळे जिल्हा तापला होता. त्यात निज श्रावण, म्हणजे बहुतेक घरांत मासे बंद. तरी घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक नकाशा आलाच: जपानपासून अमेरिकेपर्यंत पसरलेले लाल, केशरी, जांभळे पट्टे आणि खाली लिहिलेलं, "समुद्र संपला." तो नकाशा किरणोत्साराचा नव्हताच. ११ मार्च २०११च्या त्सुनामीची लाट कुठे किती उंच गेली, हे दाखवणारा तो अमेरिकी सागरी संस्थेचा नकाशा होता. तेव्हा बारा वर्षं तो भलत्याच नावाने फिरत होता.

पण नकाशा खोटा म्हणून भीतीही खोटी, असं म्हणता येत नाही. त्यासाठी १९५४ सालात जावं लागतं.

त्या वर्षी १ मार्चला अमेरिकेने मार्शल बेटांतल्या बिकिनी इथे हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. स्फोट १५ मेगाटनांचा, म्हणजे हिरोशिमाच्या साधारण हजारपट निघाला. शास्त्रज्ञांनी धरलेल्या अंदाजापेक्षा तो कितीतरी मोठा होता. जाहीर केलेल्या धोक्याच्या हद्दीबाहेर एक जपानी बोट ट्यूना पकडत होती. तिचं नाव दायगो फुकुर्यू मारू, खलाशी २३. काही वेळाने त्यांच्यावर पांढरी राख पडू लागली. ती प्रवाळांची, भाजून भुगा झालेली राख होती. खलाशांनी ती हातांनी झाडली, जाळी ओढली आणि मासे भरून घराकडे निघाले. दोन आठवड्यांनी बोट याइझू बंदरात लागली तोवर अंगावर फोड आले होते, केस गळत होते. बोटीचे रेडिओचालक आइकिची कुबोयामा त्याच वर्षी २३ सप्टेंबरला गेले.

मासे मात्र तोवर बाजारात पोहोचले होते. टोकियोच्या त्सुकिजी बाजारात अधिकारी ट्यूनाच्या रांगांवरून गायगर काउंटर, म्हणजे किरणोत्सार मोजणारं यंत्र, फिरवू लागले. चांगला, ताजा, चकचकीत मासा, आणि त्याच्यावर धरलेलं यंत्र कडकड वाजतंय. डोळ्यांना, नाकाला, बोटांना काहीच कळत नाही, फक्त यंत्राला कळतं. मासळी पारखायची जी विद्या बाजारातल्या माणसांच्या हाताबोटांत पिढ्यान् पिढ्या होती, ती एका सकाळीत निरुपयोगी झाली. तो ट्यूना बाजाराच्या आवारातच पुरला. मग इतर बोटींचीही तपासणी झाली, शेकडो टन मासळी फेकून द्यावी लागली, आणि ज्या माशांत काहीच नव्हतं त्यांचेही भाव कोसळले.

समुद्र एवढा अफाट आहे की थोड्याच अंतरावर सगळं विरून जाईल, असं अमेरिकी अधिकाऱ्यांचं म्हणणं होतं. जपानने शुनकोत्सु मारू हे जहाज शास्त्रज्ञांसह तिकडे पाठवलं. त्यांना बिकिनीपासून दूरवरच्या पाण्यात, प्लवकांत (पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांत) आणि माशांतही किरणोत्सार सापडला. 'विरून जाईल' या शब्दावरचा विश्वास तिथे पहिल्यांदा तुटला. पुढे प्रत्येक वेळी हाच शब्द वापरला गेला आणि प्रत्येक वेळी लोकांना शुनकोत्सु मारू आठवलं.

या प्रकरणात भारत गप्प नव्हता. पंडित नेहरूंनी २ एप्रिल १९५४ला लोकसभेत अणुचाचण्या थांबवण्याची मागणी केली. हवेतल्या आणि पाण्याखालच्या चाचण्यांवर बंदी घालणारा करार व्हायला १९६३ उजाडलं. तोवर झालेल्या शेकडो स्फोटांतली सीझियम आणि स्ट्रॉन्शियम ही किरणोत्सारी द्रव्यं पावसाबरोबर जगभर उतरली, आपल्या अरबी समुद्रातही. सीझियम-१३७चं अर्धायुष्य ३० वर्षं, म्हणजे दर ३० वर्षांनी ते निम्मं होतं, त्यामुळे त्याचा अंश अजून आहे. अगदी सूक्ष्म, पण मोजता येण्याजोगा.

चाचण्यांनंतर पाळी आली कचऱ्याची. १९४६पासून अनेक देशांनी किरणोत्सारी कचरा पिंपांत भरून समुद्रात टाकला. १९७२च्या लंडन करारानं त्यावर निर्बंध आणले, संपूर्ण बंदी १९९३मध्ये ठरली. इंग्लंडच्या सेलाफील्ड अणुप्रकल्पातून आयरिश समुद्रात सोडलेल्या पाण्यातला किरणोत्सार १९७०च्या दशकाच्या मध्याला सर्वांत जास्त होता, आणि शेजारचा आयर्लंड त्याबद्दल वर्षानुवर्षं तक्रार करत राहिला.

आयर्लंडवरून मुंबईची एक गोष्ट आठवते, आज ती फारशा लोकांना माहीत नाही. २६ एप्रिल १९८६ला सोव्हिएत संघात चेर्नोबिलच्या अणुभट्टीचा अपघात झाला. त्यानंतर युरोपकडून मदत म्हणून आलेलं आयरिश लोणी मुंबईत उतरलं. त्यात किरणोत्सार आहे म्हणून नागरिक उच्च न्यायालयात गेले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचलं. न्यायालयाने तज्ज्ञांची समिती नेमली, तिने अहवाल दिला आणि १९८८मध्ये लोणी विकायला परवानगी मिळाली. खाण्यातला किरणोत्सार हा आपल्याकडे फुकुशिमापासून सुरू झालेला विषय नाही, तो असा आधीच भाकरीवरच्या लोण्यापर्यंत आला होता.

आता फुकुशिमा. २०११च्या त्सुनामीनंतर तिथल्या तीन अणुभट्ट्यांचं इंधन वितळलं. पहिल्या आठवड्यांत समुद्रात गेलेला किरणोत्सार खरोखर मोठा होता. प्रकल्पाच्या बंदरात पकडलेल्या एका माशात किलोमागे २,५४,००० बेकरेल सीझियम सापडल्याचं जानेवारी २०१३मध्ये जाहीर झालं, जपानची मर्यादा आहे १०० बेकरेल. (बेकरेल हे किरणोत्साराचं माप, सेकंदाला एक अणू फुटला की एक बेकरेल.) कॅलिफोर्नियाजवळ ऑगस्ट २०११मध्ये पकडलेल्या १५ ब्लूफिन ट्यूनांतही फुकुशिमाची खूण सापडली. मासे पॅसिफिक पोहून गेले आणि सीझियम सोबत घेऊन गेले. तिथलं प्रमाण इतकं कमी होतं की धोका नव्हता, पण मथळ्यांनी प्रमाण सांगितलं नाही.

आकड्यांपेक्षा लोकांना जास्त लागलं ते लपवणं. दूषित भूजल समुद्रात झिरपतंय हे प्रकल्प चालवणाऱ्या कंपनीने जुलै २०१३मध्ये, म्हणजे दोन वर्षांनी कबूल केलं. २०१५मध्ये मच्छीमारांना लेखी शब्द दिला गेला की त्यांना पटल्याशिवाय टाक्यांतलं पाणी सोडणार नाही. २०१८मध्ये उघड झालं की शुद्ध केलेल्या म्हणून सांगितलेल्या पाण्यापैकी बऱ्याच टाक्यांत स्ट्रॉन्शियमसारखी द्रव्यं मर्यादेपेक्षा जास्त आहेत, पुन्हा गाळावी लागतील. मच्छीमारांचा विरोध कायम असतानाच २०२३मध्ये पाणी सोडलं गेलं. चीनने त्याच दिवशी जपानची सगळी सागरी मासळी बंद केली.

पाणी होतं तेरा लाख टनांहून अधिक. गाळून उरतं ते ट्रिटियम, म्हणजे किरणोत्सारी हायड्रोजन, कारण ते पाण्याच्याच रेणूत बसलेलं असतं, गाळणीत अडकत नाही. समुद्रात सोडण्याआधी ते लिटरला १,५०० बेकरेलच्या खाली येईपर्यंत पातळ करतात. जागतिक आरोग्य संघटनेची पिण्याच्या पाण्याची मार्गदर्शक पातळी १०,००० आहे. ट्रिटियम शरीरात पाण्याबरोबर येतं आणि बहुतांशी पाण्याबरोबरच जातं. सीझियम पोटॅशियमसारखं वागतं, स्नायूंत, म्हणजे आपण खातो त्या मांसात बसतं. खाऱ्या पाण्यातले मासे ते गोड्या पाण्यातल्यांपेक्षा लवकर बाहेर टाकतात. स्ट्रॉन्शियम हाडांत जातं, म्हणून मांदेलीसारखे काट्यांसकट खायचे मासे तपासताना ते वेगळं पाहावं लागतं. मुळात समुद्राच्या लिटरभर पाण्यात निसर्गतःच साधारण ११-१२ बेकरेल पोटॅशियम-४० हे किरणोत्सारी द्रव्य असतं, आपल्या प्रत्येकाच्या अंगात सुमारे ४,०००. शून्य कुठेच नाही.

नाशिककरांना हे समजावून सांगायला मी नेहमी द्राक्षांचं उदाहरण देतो. २०१०मध्ये आपल्या द्राक्षांत लिहोसिन या वाढ रोखणाऱ्या रसायनाचा अंश सापडला म्हणून युरोपात कंटेनर अडकले. त्या हंगामात बागायतदार 'रेसिड्यू' (मालात उरलेला अंश) आणि 'एमआरएल' (त्या अंशाची कमाल मर्यादा) हे शब्द रक्ताचं पाणी करून शिकले. मर्यादेची रेघ म्हणजे विषाची रेघ नव्हे, ती सावधपणे खूप अलीकडे आखलेली असते, हे आपल्याला तेव्हा कळलं. आणि एकदा नाव खराब झालं की चोख माल असलेल्या बागेलाही भाव मिळत नाही, हेही. फुकुशिमाच्या मच्छीमारांनी तेच भोगलं. त्यासाठी जपानीत शब्द आहे, फुह्यो हिगाई, म्हणजे अफवेने झालेलं नुकसान. तिथल्या मच्छीमार संघाने सरकारच्या १००ऐवजी स्वतःसाठी ५० बेकरेलची मर्यादा घातली. बंदरावरच मासा कापतात, मांस बारीक करून डब्यात दाबून भरतात, शिशाच्या जाड कवचातल्या यंत्रात ठेवतात, आकडा येतो आणि मग लिलाव होतो.

राहिलं तारापूर. देशातलं पहिलं अणुवीज केंद्र, १९६९मध्ये सुरू झालेलं. नाशिकहून त्र्यंबक, मोखाडा, जव्हार करत घाट उतरलं की काही तासांत तिथे पोहोचता येतं. तिसरी आणि चौथी अणुभट्टी २००५-०६मध्ये आली, त्यासाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. तिथल्या लोकांच्या मनात जे साचलं आहे ते बेकरेलमध्ये मोजता येणार नाही. रत्नागिरीत जैतापूरच्या ९,९०० मेगावॅटच्या नियोजित प्रकल्पाविरुद्ध साखरी नाट्याचे मच्छीमार उतरले, आणि फुकुशिमानंतर सव्वा महिन्याने, १८ एप्रिल २०११ला, पोलीस गोळीबारात एक आंदोलक मेला. कोकणात 'अणू' हा शब्द तेव्हापासून साधा राहिलेला नाही.

पण तारापूर या एका नावात दोन गोष्टी आहेत, आणि भीती बहुतेकदा चुकीच्या गोष्टीला धरते, असं माझं मत आहे. दुसरी गोष्ट आहे तारापूरची रासायनिक औद्योगिक वसाहत. केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या २०१८च्या मूल्यांकनात ती देशातल्या सर्वांत प्रदूषित औद्योगिक पट्ट्यांत वर होती. तिथल्या सांडपाण्याने खाड्या मेल्या म्हणून अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने राष्ट्रीय हरित लवादाकडे दाद मागितली, २०२२मध्ये लवादाने कारखान्यांना भरपाईचा दंड ठोठावला. खाडीतला मासा कमी झाला तो यामुळे. अणुकेंद्राभोवतालचं पाणी आणि मासे भाभा अणुसंशोधन केंद्राची प्रयोगशाळा तपासत असते. तिचे आकडे इंग्रजी अहवालांत जातात. सातपाटीच्या जेटीवर किंवा आपल्या बाजारात ते मराठीत कुणी लावत नाही. ते लावायला हवेत, आणि रसायनांचेही शेजारी लावायला हवेत, कारण विचारणाऱ्या बाईंना उत्तर द्यायची वेळ मावशींवर येते, आणि मावशींकडे कल्ल्याच्या लाल रंगापलीकडे दाखवण्यासारखं काही नसतं.

२०२३च्या त्याच सप्टेंबर महिन्यात पापलेटाला महाराष्ट्राचा राज्यमासा म्हणून मान मिळाला होता. बाईंनी मात्र पापलेट घेतलं नाही. शेजारच्या गाळ्यावरून किलोभर रोहू कापून घेतला आणि निघाल्या. मावशींनी कल्ला मिटवला आणि मासा पुन्हा बर्फाखाली सारला.