7,000 मीटरवरचा कॅमेरा

पहिलं महायुद्ध चालू असताना, 1917 साली, जर्मनीच्या रुम्प्लर कंपनीने सी-7 हे दुपंखी विमान बांधलं. त्याच्या एका प्रकाराचं नाव होतं रुबिल्ड. ‘रु’ रुम्प्लरमधला आणि ‘बिल्ड’ म्हणजे जर्मन भाषेत चित्र. शत्रूच्या मुलखावर जाऊन फोटो काढून आणायचे, यासाठीच ते होतं. पुढची मशीनगनसुद्धा काढून टाकलेली. वजन वाचलं की विमान आणखी वर चढतं, आणि 7,000 मीटरवर त्या काळातली फार थोडी लढाऊ विमानं त्याला गाठू शकत.

मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते त्याचं मायबाख इंजिन. एवढ्या उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या निम्म्याहूनही जरा कमी असते. पेट्रोल जाळायला हवा लागते, त्यामुळे साधं इंजिन तिथे धापा टाकू लागतं. मायबाखमध्ये सिलिंडर मुद्दाम मोठे ठेवले होते आणि दट्ट्या आतलं मिश्रण नेहमीपेक्षा जास्त दाबत असे. पण हेच इंजिन जमिनीलगतच्या दाट हवेत पूर्ण जोरात चालवलं, तर मिश्रण अवेळी भडकून ते निकामी व्हायची भीती. म्हणून वैमानिक उड्डाण करताना थ्रॉटल, म्हणजे इंजिनात जाणारं मिश्रण कमी-जास्त करणारी झडप, अर्धवटच उघडायचा. हवा विरळ होत जाईल तसतशी राखून ठेवलेली ताकद मोकळी करायचा.

वर उणे 30 अंशांच्या आसपास थंडी, आणि बसायची जागा उघडी! वैमानिक आणि निरीक्षक विजेवर तापणारे कपडे घालत, सोबत प्राणवायूही नेत.

आता फोटोचा हिशेब पाहा. कॅमेऱ्याच्या भिंगाचं नाभीय अंतर, म्हणजे भिंगापासून दूरच्या वस्तूचं स्पष्ट चित्र उमटतं तिथपर्यंतचं अंतर, 70 सेंटिमीटर धरलं, तर 7,000 मीटरवरून घेतलेल्या फोटोचं प्रमाण 1:10,000 येतं. म्हणजे फोटोतला एक मिलिमीटर जमिनीवरचे दहा मीटर. दोन मीटर रुंदीचा खंदक 0.2 मिलिमीटरची रेघ होऊन उमटणार, दोन-तीन केस शेजारी ठेवावेत एवढी. खाली कार्यालयात कुणीतरी भिंग घेऊन ही रेघ शोधत बसे. सावली कोणत्या बाजूला पडली आहे यावरून खड्डा की उंचवटा हे ठरे. आणि एकाच जागेचे किंचित अंतरावरून घेतलेले दोन फोटो स्टिरिओस्कोपखाली, म्हणजे प्रत्येक डोळ्याला एकेक फोटो दाखवणाऱ्या उपकरणाखाली, नीट जुळले, की सपाट कागदातून मातीचा बांध वर उठून येई आणि खंदक खोल खोल खाली जाई.