सडा 'पडीक' कसा झाला: थोडी पार्श्वभूमी

कुठे बॉक्साइट (अ‍ॅल्युमिनियमचं खनिज), कुठे चिरेखाण (जांभ्या दगडाचे ठोकळे कापायची खाण), कुठे रिफायनरी, सड्यांवरून, म्हणजे जांभ्याच्या उघड्या कातळ-पठारांवरून, गेली काही वर्षं जे चाललंय त्यात भांडण शेवटी एकाच शब्दापाशी येतं. एक बाजू म्हणते जमीन पडीक आहे, इथे काही उगवत नाही, मग अडवताय कशाला. दुसरी म्हणते पडीक कशी, पावसाळ्यात येऊन बघा. हा शब्द सड्याला चिकटला कधी ते बघितल्याशिवाय पुढचं नीट कळत नाही, म्हणून हे लिहितोय. कासची फुलं, तिथली गर्दी वगैरे सगळ्यांना माहितीच आहे, ते परत सांगत नाही.

दगडाचं आधी उरकतो. खाली सगळा काळा बेसाल्ट, त्यावर लाखो वर्षं पाऊस आणि ऊन, त्यातली सिलिका धुवून गेली आणि लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम मागे राहिलं, तोच आपला जांभा. घाटमाथ्यावर कास, महाबळेश्वर, राधानगरीकडे तो हजार मीटरच्या वर सापडतो आणि कोकणात समुद्राजवळ दोनशे मीटरच्या खाली. १८०७ मध्ये छापलेल्या एका प्रवासवर्णनात एका स्कॉटिश डॉक्टरने मलबारमधल्या या दगडाला लॅटराइट नाव दिलं, लॅटिनमधल्या विटेवरून, कारण त्याने लोकांना तो विटेसारखा कापताना पाहिलं होतं. म्हणजे शास्त्राने ठेवलेलं नावसुद्धा खाणीवरूनच आलंय.

आपल्याकडे मात्र नाव जमिनीचं आहे. कोकणात सडा, चांदोलीच्या जंगलात झोळंबीचा सडा, गोव्यात वास्कोजवळ हेडलँड सडा. घाटावर बरेच लोक पठार किंवा माळ म्हणतात, आणि माझ्या मते इथेच पहिला घोळ होतो, कारण माळ म्हटलं की डोळ्यासमोर माती असलेला, गवताचा, कधीतरी नांगरता येईल असा तुकडा येतो. सडा तसा नसतो. तो कातळ आहे, वर कुठे दोन इंच माती, कुठे चार, कुठे नाहीच.

खाणकामाचा जुना इतिहास म्हणाल तर तो धावडांचा. महाबळेश्वरच्या आसपास आणि कोकणात काही ठिकाणी ही मंडळी जांभ्यातलं लोखंड कोळशाच्या भट्टीत गाळायची. इंग्रजांच्या काळात बाहेरून स्वस्त लोखंड यायला लागलं, जंगलातल्या लाकडावर निर्बंध आले, कोळसा महाग झाला आणि भट्ट्या विझल्या. आता धावडवाडी अशी गावांची नावं तेवढी राहिलीत. दुसरा धागा चिऱ्याचा. ताजा कापलेला जांभा मऊ असतो, हवा लागली की घट्ट होतो, त्यामुळे टिकावाने कापता येतो आणि भिंतीत शेकडो वर्षं टिकतो. विजयदुर्गाचा तट घ्या किंवा जुन्या गोव्याचं बॉम जेझुस चर्च घ्या, सगळं जांभ्याचंच. घरापुरता, देवळापुरता, विहिरीपुरता चिरा काढायचा आणि खड्डा तसाच सोडायचा, असंच पिढ्यान्पिढ्या चाललं. नंतर कटर मशीन आली आणि साधारण १४ इंची चिरा ट्रकच्या ट्रक भरून घाटावर जायला लागला, तेव्हा प्रमाण पार बदललं. खाणीत राबणारे हातही बाहेरचे झाले, बरेचसे कर्नाटकातून आलेले.

आता मूळ मुद्दा, म्हणजे सातबारा. कोकणातल्या सड्याचा उतारा काढलात तर बहुतेक वेळा दोन शब्द भेटतील, पोटखराबा किंवा वरकस. दोन्हीचा अर्थ लोक सरसकट पडीक असा घेतात आणि ते बरोबर नाही. पोटखराबा मधलं पोट हे पोटहिस्सा मधलंच पोट, म्हणजे एका सर्व्हे नंबरच्या पोटात जो तुकडा मोजणीच्या वेळी लागवडीला अयोग्य ठरला तो. त्यात पुन्हा दोन वर्ग, अ म्हणजे खडक, नाला, खळं, शेतघर अशा कारणाने लागवड न होणारी, आणि ब म्हणजे रस्ता, पाणवठा, स्मशान अशा सार्वजनिक कामाला ठेवलेली. दोन्हीवर आकारणी नाही. म्हणजे या शब्दाचा अर्थ एवढाच की इथून शेतसारा येणार नाही. १८३०च्या दशकात इंदापूरकडून जी मोजणी सुरू झाली तिचं कामच ते होतं, कोणती जमीन किती सारा देईल ते आण्यात ठरवणं. जी काहीच देणार नाही तिला खराबा म्हटलं, ते वसुलीच्या हिशेबात ठीकच होतं. पण तिथे गवत किती निघतं, गुरं कुठली चरतात, पाणी कुठे मुरतं हे विचारायला तो कारकून आलाच नव्हता.

वरकस तर उलट कामाची जमीन. भाताच्या राबाला, म्हणजे रोपं करण्याआधी जमीन भाजायला, लागणारा पालापाचोळा, गवत, कवळं (तोडलेल्या डहाळ्या) जिथून येतं आणि जिथे नाचणी-वरी आलटून पालटून घेतात ती. कुळकायद्याच्या भानगडीत वरकस ही भातजमिनीला जोडलेली म्हणूनच धरली गेली, कारण ती काढून घेतली तर खाचराला राब कुठून आणणार. सड्याच्या कडेचा उतार बऱ्याचदा या वरकसमध्ये मोडतो.

आणि पडीक? हा शब्द तर सगळ्यात जास्त फिरवला गेला. शेतकऱ्याच्या तोंडी पड म्हणजे यंदा न केलेली जमीन, चालू पड, कायम पड, म्हणजे एकेकाळी नांगर फिरलेली आणि आता सोडलेली. सड्यावर नांगर कधी फिरलाच नाही तर तो पडेल कसा? पण इंग्रजी कागदावरच्या वेस्टलँडला मराठीत पडीक हाच शब्द लावला गेला आणि तो तसाच राहिला. १९८५ मध्ये केंद्राने वेस्टलँडच्या विकासासाठी वेगळं मंडळ काढलं, २००० पासून उपग्रहाच्या चित्रांवरून देशाच्या पडीक जमिनींचे नकाशे छापायला लागले, त्यात उघड्या खडकाचा एक वेगळा रकाना आहे. एप्रिलमध्ये वरून बघितलेला सडा त्या रकान्यात अगदी फिट बसतो, तपकिरी, कोरडा, झाड नाही. तोच सडा ऑगस्टमध्ये वरून दिसत नाही, कारण ढग असतात. मला हे नेहमी फार लागतं की ज्या तीन-चार महिन्यांत सडा जगतो तेवढेच महिने तो चित्रात येत नाही.

एकदा कागदावर पडीक झाला की पुढचं सगळं त्या शब्दाच्या जोरावर. १९९० मध्ये रोजगार हमीला जोडून फळबाग योजना आली, शंभर टक्के अनुदान, आणि हापूस-काजू उतारावरून सड्यावर चढले. कातळात सुरुंग लावून खड्डे, बाहेरून माती आणून भरली. मी त्या शेतकऱ्यांना दोष देत नाही, वर्षभर हातात पैसा नसलेल्या घराला ती पहिली खरी संधी होती आणि कलमं चांगली आलीत. पण कातळ फुटला तो फुटला. २०१८ मध्ये नियम बदलला आणि पोटखराबा अ मधली जमीन लागवडीखाली आणली असेल तर तिची आकारणी करून ती लागवडीयोग्य म्हणून नोंदवायची सोय झाली. कर्ज, विमा, भरपाई यासाठी शेतकऱ्याला ते हवंच होतं. सड्याच्या बाजूने बघितलं तर फोडलेल्या कातळाची किंमत कागदावर वाढली, न फोडलेल्याची शून्यच राहिली.

खनिजांच्या कायद्यातही असाच गुंता आहे. १९५७च्या कायद्यात बॉक्साइट प्रमुख खनिज, आणि बांधकामाचा दगड गौण खनिज, जो राज्याच्या हातात. दगड तोच, सलग, एकाच सड्यावर, फक्त अ‍ॅल्युमिनियमचं प्रमाण जास्त असेल तर एक नाव आणि कमी असेल तर दुसरं. २०१५च्या फेब्रुवारीत एकूण ३१ खनिजं गौण यादीत टाकली त्यात लॅटराइटपण गेला. त्याआधी २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरच्या आतल्या गौण खनिजाच्या खाणींनाही पर्यावरण मंजुरी लागेल असं सांगितलं होतं, त्यामुळे चिरेखाणवाले एकदम कागदांच्या जंजाळात सापडले आणि कोकणात त्यावरून बराच गदारोळ झाला. बॉक्साइटचं मात्र आधीपासून मोठ्या पातळीवर चाललेलं. कोल्हापूरचा घाटमाथा, म्हणजे राधानगरी, शाहूवाडी, चंदगड, इथला माल बेळगावच्या कारखान्याकडे जात राहिला. एक टन अ‍ॅल्युमिनियमला साधारण चार टन बॉक्साइट लागतं, म्हणजे सडा किती सोलला जातो त्याचा अंदाज करा. दापोली-मंडणगडकडेही खाणी निघाल्या आणि तिथल्या गावांनी धूळ, रस्ते आणि विहिरी यावरून वर्षानुवर्षं तक्रारी केल्या.

खाण संपल्यावर भूमी पूर्ववत केली असं अहवालात लिहितात, आणि म्हणजे काय तर खड्डा भरून त्यावर झाडं लावली. ऑस्ट्रेलियन बाभूळ, सुरू, काजू. हे पूर्ववत नाही. सड्यावर झाडं नव्हतीच, तिथे कातळाचा पत्रा होता आणि त्या पत्र्यावर साचणाऱ्या वीतभर पाण्यात सगळा संसार होता. पत्रा एकदा काढला की पाणी साचत नाही, आणि खालच्या वाडीतले झरे ज्या मुरलेल्या पाण्यावर चालतात तेही बिघडतं. हिरण्यकेशी नदी आंबोलीच्या या असल्याच डोंगरातून निघते.

तिथे राहतं कोण ते थोडक्यात सांगतो, कारण फुलांपलीकडे फार बोललं जात नाही. मातीत नायट्रोजन फार कमी असल्यामुळे सीतेची आसवं आणि दवबिंदू या वनस्पती किडे खाऊन भागवतात. साताऱ्याच्या सड्यांवर डबक्यात वायतुरा ही पाणवनस्पती येते, जी जगात दुसरीकडे मिळत नाही. आंबोलीच्या जांभ्यावर पहिल्या पावसात पिवळ्या पट्ट्यांचे टोड (बेडकाचे भाऊबंद) डबक्यात अंडी घालतात, त्यांची वेगळी जात म्हणून नोंद २००९ मध्ये झाली आणि लगेच अतिसंकटग्रस्त यादीत गेले. रत्नागिरीत डोर्लेच्या परिसरातून देवगांडुळाची (बेडकाच्या कुळातला बिनपायाचा, गांडुळासारखा प्राणी) एक जात २००३ मध्ये नोंदली गेली आणि त्याच डोर्ल्याच्या सड्यावर सुट्या दगडांखाली पांढऱ्या पट्ट्यांची एक छोटी पाल राहते. दगड उचलून बांधाला लावले की तिचं घर गेलं, एवढं साधं आहे. माळटिटवी तर उघड्या खड्यांतच अंडी घालते. आणि फुरसं हा विषारी साप, ज्याच्या मुडद्यावर इंग्रजांच्या काळात रत्नागिरीत बक्षीस मिळायचं.

माणसंही होती. घाटमाथ्यावर धनगरवाडे आणि त्यांच्या म्हशी, खाली गावाची गुरं. १९८५ मध्ये कोयना आणि चांदोली अभयारण्यं झाली तेव्हा तिथली चराई हळूहळू बंद झाली. कासवरही चराई थांबवली, तारेचं कुंपण घातलं आणि पुढे गवत माजून फुलं कमी झाली अशी ओरड झाल्यावर ते कुंपण काढलं. गुरांना शत्रू ठरवायची घाई झाली होती असं माझं स्पष्ट मत आहे.

२०१०च्या पुढचं सगळ्यांना बऱ्यापैकी आठवत असेल. एका समितीने २०११ मध्ये घाटाची वर्गवारी करून खाणींवर कडक मर्यादा सांगितल्या, राज्यांना ते पचलं नाही, दुसरी समिती बसली, तिने २०१३ मध्ये घाटाचा साधारण ३७ टक्के भाग संवेदनशील धरला आणि त्यात खाणबंदी सुचवली. मधल्या काळात २०१२ मध्ये कास, कोयना, चांदोली, राधानगरी जागतिक वारसा यादीत गेले. या संवेदनशील क्षेत्राच्या अधिसूचनेचा मसुदा २०१४ पासून निघतोय, मुदत संपते, नवा निघतो, २०२४च्या जुलैमधला सहावा, त्यात महाराष्ट्राचे १७,३४० चौरस किलोमीटर. किनाऱ्याजवळचे सडे बहुतेक या सगळ्याच्या बाहेर, कारण ते घाटात मोजले जात नाहीत. त्यामुळेच गोव्यात मोपाच्या सड्यावर विमानतळ झाला, न्यायालयाने २०१९ मध्ये मंजुरी रोखली, २०२० मध्ये मोकळी केली. आणि म्हणूनच २०२३च्या एप्रिलमध्ये रत्नागिरी जिल्ह्यात बारसूच्या सड्यावर रिफायनरीसाठी माती तपासायला ड्रिलिंग सुरू झालं तेव्हा उन्हात बायका आडव्या पडल्या.

बारसूवर कातळशिल्पंही आहेत. कशेळीचा हत्ती, उक्षी, देवाचे गोठणे, बारसू अशा नऊ जागा २०२२ मध्ये जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत घेतल्या. हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी याच कातळावर बसून गेंडा, हत्ती, मासे कोरलेत, आणि ती चित्रं टिकली कारण तिथे नांगर चालत नाही. आता काही गावांनी चित्राभोवती चिऱ्यांचा गडगा, म्हणजे बुटकी भिंत, घातलाय. गडग्याच्या आत वारसा, आणि बाहेर पाय टाकला की सातबाऱ्यावर पोटखराबा, वर्ग अ.