राजाचा तारा आणि कोळ्यांच्या होड्या

ज्यूद्वेषाला रोजच्या व्यवहारात तोंड कसं द्यायचं, असा विषय निघाला की डेन्मार्कच्या राजाची गोष्ट कुणीतरी सांगतंच. नाझींनी ज्यूंना छातीवर पिवळा तारा लावायला भाग पाडलं, तेव्हा राजा दहावा ख्रिश्चन स्वतः तारा लावून घोड्यावरून कोपनहेगनमध्ये फिरला आणि मग अख्ख्या शहराने तारे लावले. गोष्ट सुंदर आहे, फक्त घडलेली नाही. डेन्मार्कमध्ये ताऱ्याची सक्ती कधी झालीच नव्हती. राजा घोड्यावरून फेरफटका मारायचा, एवढंच खरं.

खरं घडलं त्यात राजापेक्षा डॉक्टर, रुग्णवाहिकांचे ड्रायव्हर आणि कोळीच जास्त दिसतात. डेन्मार्क जर्मनांच्या ताब्यात होता; सप्टेंबर १९४३ च्या अखेरीस जर्मन वकिलातीतल्याच गेओर्ग डुक्विट्झ या अधिकाऱ्याने ज्यूंच्या धरपकडीची बातमी डॅनिश पुढाऱ्यांच्या कानावर घातली. २९ तारखेला सकाळी धर्मगुरू मार्कुस मेल्किओर यांनी सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनागृहात, जमलेल्यांना ती सांगितली. त्याच दिवशी संध्याकाळी ज्यू नववर्ष लागणार होतं. सणाला इथे यायचं नाही, घरीही थांबायचं नाही आणि भेटेल त्याला निरोप द्यायचा, एवढंच त्यांचं सांगणं. १ ऑक्टोबरच्या रात्री जर्मनांनी दारं ठोठावली तेव्हा बहुतेक घरांत कुणी नव्हतं.

ही माणसं गेली कुठे? कुणी शेजाऱ्याकडे, कुणी उन्हाळी बंगलीत, कुणी थेट दवाखान्यात. बिस्पेबर्ग रुग्णालयात धडधाकट माणसं खोट्या नावांनी खाटांवर निजवली गेली. तिथून रुग्णवाहिकेने किनारा आणि किनाऱ्यावरून मासेमारीच्या होड्यांनी स्वीडन. काही आठवड्यांत सुमारे ७,२०० ज्यू पलीकडे पोचले. कोळ्यांनी यासाठी पैसे घेतले, काहींनी तर भरमसाट घेतले. होडी पकडली गेली असती तर धंदाही बुडाला असता आणि तुरुंगही चुकला नसता. ज्यांच्याकडे भाडं नव्हतं त्यांच्यासाठी वर्गणी निघाली. गोष्ट सांगताना हा भाग गाळण्याकडे कल असतो. मला तो उलट ठेवावासा वाटतो, कारण मदत करणारे कुणी संत नव्हते. सगळं सुरळीतही झालं नाही. गिलेलायच्या चर्चच्या माळ्यावर लपलेले ऐंशीच्या आसपास लोक एका रात्रीत हाती लागले. एकूण साधारण ४७० जणांना थेरेसिएनश्टाटच्या छावणीत नेलं. त्यांना डेन्मार्कमधून खाण्याच्या वस्तूंची पार्सलं जात राहिली आणि त्यातले बहुतेक जण जिवंत परतले. परतल्यावर अनेकांना आपलं घर शेजाऱ्यांनी सांभाळून ठेवलेलं मिळालं.

डॅनिश माणूस मुळातच भला, असं म्हणून विषय मिटत नाही. शेजारच्या नॉर्वेत वर्षभर आधी, २६ नोव्हेंबर १९४२ ला, ऑस्लोच्या धक्क्यावरून ‘डोनाउ’ जहाज ५०० हून अधिक ज्यूंना घेऊन निघालं. शेवटी ही माणसं आउशवित्झच्या मृत्युछावणीत पोचली. त्यांना घरातून उचललं ते नॉर्वेच्याच पोलिसांनी आणि त्यासाठी शहरातल्या टॅक्सी जुंपल्या होत्या. त्याच नॉर्वेत लोकांच्या मदतीने अर्ध्याहून अधिक ज्यू सीमा ओलांडून स्वीडनला पोचले, हेही खरं. म्हणजे एकाच शहरात एक गाडी धक्क्याकडे जात होती आणि दुसरी सीमेकडे. पंतप्रधान येन्स स्टोल्टेनबर्ग यांनी नॉर्वेच्या वतीने माफी मागितली, तोवर २०१२ साल उजाडलं होतं.

(२६ नोव्हेंबर म्हटल्यावर आपल्याला दुसरंच आठवतं. कोकणात ‘शनवार तेली’ म्हणून बेने इस्रायली ज्यूंचा पिढ्यान् पिढ्या शेजार लाभल्यामुळे ज्यूद्वेष हा आपल्याला परक्यांचा प्रश्न वाटत आला. २००८ साली याच तारखेला अतिरेकी कुलाब्याच्या नरिमन हाउस या ज्यू केंद्रात शिरले. तिथून दोन वर्षांच्या मोशेला बाहेर काढलं ते सँड्रा सॅम्युअल या त्याच्या दाईने.)

राजाची ती खोटी गोष्ट मात्र एका ठिकाणी फार उपयोगी पडली. १९९३ साली अमेरिकेत मोंटाना राज्यातल्या बिलिंग्ज गावात वर्णद्वेष्ट्यांनी एका मूलनिवासी बाईच्या घरावर स्वस्तिकं आणि शिव्या रंगवल्या, तेव्हा रंगाऱ्यांच्या कामगार संघटनेची माणसं ब्रश घेऊन आली आणि त्यांनी घर पुन्हा रंगवून दिलं. डिसेंबरमध्ये एका ज्यू घरात पाच वर्षांच्या मुलाच्या खोलीच्या खिडकीवर दगड आला. खिडकीत हनुक्काच्या सणाचं मेनोरा, म्हणजे नऊ दिव्यांचं ठाणवं, लावलेलं होतं. ते काढून ठेवा, असा सल्ला पोलिसाने आईला दिला. गावातल्या एका चर्चमध्ये मग कोपनहेगनच्या ताऱ्याची गोष्ट निघाली आणि मुलांना मेनोराच्या झेरॉक्स प्रती वाटल्या. पाठोपाठ ‘बिलिंग्ज गॅझेट’ने पानभर मेनोरा छापलं. लोकांनी ते कापून काचेवर चिकटवलं. त्याही खिडक्यांवर दगड पडले, त्यामुळे आणखी घरांनी ते लावलं. शेवटी हजारो घरांत मेनोरा दिसू लागलं आणि नेमका कुणाच्या खिडकीवर दगड मारायचा, तेच कळेनासं झालं.

फेब्रुवारी २०१५ मध्ये कोपनहेगनच्या सिनेगॉगबाहेर पहाऱ्यावर असलेल्या एका ज्यू तरुणाला गोळी घालण्यात आली. आठवड्याभरात ऑस्लोमध्ये मुस्लिम तरुणांनी तिथल्या सिनेगॉगभोवती साखळी धरायचं ठरवलं आणि २१ तारखेच्या थंडीत हजारावर माणसं जमली. आयोजकांपैकी एकाने काही वर्षांपूर्वी भर सभेत ज्यूंविरुद्ध गरळ ओकली होती. त्याबद्दल त्याने तिथे सगळ्यांदेखत माफी मागितली. शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा शनिवारचा विश्रांतीचा दिवस, संपताना म्हणायची प्रार्थना त्या संध्याकाळी सिनेगॉगबाहेर, रस्त्यावरच्या गर्दीसमोर झाली. ती म्हणणारे धर्मगुरू होते मिखाएल मेल्किओर, १९४३ मध्ये कोपनहेगनच्या सिनेगॉगमध्ये धोक्याची बातमी सांगणाऱ्या मार्कुस मेल्किओर यांचे नातू.