कळलावीचं चित्र काढायचं तर आधी ती मोजायला हवी

पावसाळ्यात सह्याद्रीच्या उतारांवर, झुडपांत आणि कुंपणांवर कळलावीचा वेल फुलतो. लांबून दिसतं ते तांबडं-पिवळं फूल, बस. कागदावर उतरवायला घेतलं की मात्र एकेक प्रश्न उभा राहतो. पाकळ्या सहा आणि सगळ्या मागे उलटलेल्या. त्यांच्या बुडाशी वेगळी हिरवी संदलं (कळीला झाकणारी हिरवी दलं) नाहीत, म्हणून वनस्पतिशास्त्रात त्यांना परिदलं म्हणतात. पुंकेसरही सहा, चहूकडे फाकलेले. आणि किंजल, म्हणजे किंजपुटातून (ज्याचं पुढे फळ होतं त्या भागातून) निघणारी बारीक दांडी, बुडापासूनच जवळजवळ काटकोनात वळते. त्यामुळे तिचं टोक फुलाच्या स्वतःच्या परागकोशांपासून लांब राहतं. येता-जाता हे फूल पाहणाऱ्यांच्याही ध्यानात हे वळण क्वचितच येतं.

वनस्पतिचित्राचं शास्त्रातलं मोल इथेच आहे. कुठला अवयव कुठून निघतो, किती लांब आहे, कशाच्या मागे जातो, हे ठरवल्याशिवाय रेघ ओढता येत नाही. फोटोत हे ठरवणं टळतं. जवळून घेतलेल्या फोटोत पुढचा परागकोश स्पष्ट आला की मागचा धूसर होतो. शिवाय फोटो एका फुलाचा, एका क्षणाचा. चित्रात कळी, ताजं फूल, जुनं फूल आणि फळ एकाच कागदावर मांडता येतात. कळलावीच्या बाबतीत हे फार गरजेचं आहे, कारण तिचा रंग वयानुसार बदलतो: आधी हिरवट, मग बुडाशी पिवळा आणि टोकांना लाल, शेवटी सगळीच तांबडी. एकच फूल काढलं तर चित्र बरोबर असूनही माहिती अर्धीच.

पुण्याजवळ दापोडीला 1828 मध्ये, गव्हर्नर जॉन माल्कम यांच्या काळात, सरकारी वनस्पती उद्यान सुरू झालं. पुढे ते अलेक्झांडर गिब्सन या डॉक्टरांच्या देखरेखीखाली आलं. त्यांनी 1847 ते 1850 या काळात वनस्पतींची जलरंगातली चित्रं काढून घेतली. ती आज एडिंबरोच्या रॉयल बोटॅनिक गार्डनमध्ये आहेत. चित्रकार पोर्तुगीज-भारतीय होता एवढंच कळतं, नाव मागे राहिलेलं नाही. ज्याच्या हाताने इतकं बारकाईने टिपून ठेवलं त्याचंच नाव कुणी टिपलं नाही, याची खंत वाटते.

कामाला लागण्यापूर्वी एक सूचना. कळलावीच्या सगळ्या भागांत कोल्चिसिन हे विष असतं आणि कंदात व बियांत ते जास्त असतं. ब्रशचं टोक ओठांत धरून अणकुचीदार करण्याची सवय अनेकांना असते, ती इथे सोडायलाच हवी. कापण्यासाठी वेगळं ब्लेड वापरा, शक्यतो हातमोजे घाला आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवा.

फांदी सकाळी कापून लगेच पाण्यात ठेवावी. आधी फुलाचं चित्र काढावं, पानांचं नंतर. पानं टिकतात, फूल रंग बदलत जातं. कागद गुळगुळीत पृष्ठाचा, 300 जीएसएमचा (दर चौरस मीटरला 300 ग्रॅम वजनाचा). खरखरीत कागदावर परागकोशाची कड नीट येत नाही. पेन्सिल 2एच, आणि हात हलका, कारण खोल रेघ पिवळ्या रंगाखालूनही दिसते. चित्र शक्यतो मूळ आकाराचंच करावं.

मापं डिव्हायडरने घेतात आणि चुका इथेच होतात. आपल्याकडे वळलेलं पान डोळ्याला आखूड दिसतं. पण डिव्हायडर पानाला टेकवून पूर्ण लांबी घेतली आणि तीच कागदावर मारली, की ते पान कुठेच वळलेलं दिसत नाही. अशा पानासाठी डिव्हायडर त्याच्या अगदी जवळ, पण कागदाला समांतर धरावा, एक डोळा मिटावा आणि दिसतं तेवढंच माप घ्यावं. दुसरी चूक पानांच्या मांडणीची. कळलावीच्या एकाच वेलावर पानं कुठे एकाआड एक, कुठे समोरासमोर, तर कुठे तीन-तीनच्या मंडलात येतात. हात आपसूक सगळीकडे एकच मांडणी करतो. पेरागणिक पानं मोजावीत. पानाचं टोक लांबून त्याचाच तणावा (आधाराला गुंडाळणारा तंतू) होतो, तो वेगळ्या जागेहून निघाल्यासारखा काढू नये.

रंगात आधी पिवळा. परिदलावर पातळ लेमन यलो पसरून पूर्ण वाळू द्यावा, मग टोकाकडून बुडाकडे लाल उतरवावा. पिवळा ओला असताना लाल लावला तर सगळंच नारिंगी होतं आणि लाल कुठे संपतो ती सीमा हरवते. पावसाळी दमट हवेत कागद वाळायला वेळ लागतो. अर्धवट ओल्या थरावर पाणीदार ब्रश टेकला की रंग मागे ढकलला जाऊन कातरलेल्या कडांचा डाग पडतो. तो पुसायला जाऊ नये, कागदाचा पृष्ठभाग उखडतो. वाळल्यावर ओलसर ब्रशने हळूहळू उचलावा. लाल रंग घेताना ट्यूबवरचा रंगद्रव्याचा क्रमांक वाचा. पीआर 83, म्हणजे अलिझरिन क्रिमझन, उजेडात विटतो, त्याऐवजी पीव्ही 19 घ्यावा. सावलीसाठी काळा नको, लाल मळकट दिसतो. लालात किंचित हिरवा मिसळला की पुरतं.

शेवटी छेद. किंजपुट आडवा कापून 10 पट भिंगाखाली पाहिला की तीन कप्पे दिसतात, आणि बीजांडं (पुढे ज्यांच्या बिया होतात ती) मधल्या अक्षाला चिकटलेली. काप ओल्या टिपकागदावर ठेवावा, नाहीतर रेखाटन संपण्याआधीच आक्रसतो. छेद मोठा करून काढला तर चित्राशेजारी ‘पाचपट’ असं लिहून भागत नाही, कारण छापताना चित्र लहान केलं की तो आकडा खोटा ठरतो. त्याऐवजी 5 मिलिमीटर दाखवणारी रेघ मारावी, ती चित्राबरोबरच लहान-मोठी होते.

कागदाच्या तळाशी तारीख, ठिकाण, फुलाचं वय आणि त्याच वेलाच्या दाबून वाळवलेल्या नमुन्याचा क्रमांक लिहावा. वाळलेल्या नमुन्याचा रंग जातो, तो चित्रात राहतो. चित्रात शंका आली तर नमुना पुन्हा तपासता येतो. कळलावी पूर्वी लिलिएसी कुळात धरली जायची, आता ती कोल्चिकेसी कुळात आहे. असे बदल होतात तेव्हा जुनं चित्र नेमकं कोणत्या वेलाचं, हे या क्रमांकावरूनच कळतं.