सर्वांत भीतिदायक चित्रपट कोणता? नाडीची दोन उत्तरं

भयपटांच्या चाहत्यांना याद्या करायला मनापासून आवडतं. सर्वांत भीतिदायक दहा, सर्वांत अस्वस्थ करणारे पंचवीस, आणि मग पहिल्या क्रमांकावरून तावातावाने वाद. २०२० साली ब्रिटनमध्ये ब्रॉडबँडच्या दरांची तुलना करून देणाऱ्या एका कंपनीने हा वाद नाडी मोजून मिटवायचं ठरवलं. सुमारे ५० प्रेक्षकांना हृदयाचे ठोके मोजणारी उपकरणं लावली आणि गाजलेले भयपट दाखवले. पहिला आला 'सिनिस्टर'. एरवी मिनिटाला ६५ पडणारे ठोके हा चित्रपट पाहताना सरासरी ८६ वर गेले. पण त्याच तक्त्यात आणखी एक रकाना होता. एखाद्या क्षणी ठोके जास्तीत जास्त कुठवर उसळले, याचा. तिथे 'इन्सिडियस'ने बाजी मारली: १३३.

प्रयोग प्रसिद्धीसाठी केलेला होता, त्याला शोधनिबंधाचं वजन द्यायचं कारण नाही. तरी त्या दोन रकान्यांकडे बघत राहावंसं वाटतं. प्रेक्षक तेच, उपकरणं तीच आणि पहिले क्रमांक दोन. मला वाटतं, आपल्या याद्यांमधली खरी गडबड इथेच आहे. 'किती भीती वाटली' हा आपण एकच प्रश्न समजतो, आणि तो एक नाही.

फिनलंडमधल्या तुर्कू विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२० मध्येच याचा मेंदूत शोध घेतला. सुरुवात त्यांनीही चाहत्यांसारखीच केली. गेल्या शतकभरातल्या १०० गाजलेल्या भयपटांची यादी घेतली आणि लोकांना ते कसे वाटले हे विचारलं. मग त्यांतले दोन चित्रपट लोकांना एमआरआय यंत्रात झोपवून दाखवले. पडद्यावर काहीच घडत नाही, पण काहीतरी घडणार असं वाटतंय, अशा वेळी पाहण्याचं आणि ऐकण्याचं काम करणारे मेंदूचे भाग जास्त सजग होत गेले. अंधारात डोळे ताणून आणि कान टवकारून बसावं, तसे. उलट दचकवणारा प्रसंग आला की भावना हाताळणारे, धोका जोखणारे आणि झटपट निर्णय घेणारे भाग कामाला लागले. दबत दबत वाढणारी धास्ती आणि खाडकन बसलेला धक्का या दोन्हींना आपण भीतीच म्हणतो, पण मेंदूत त्यांचा कारभार वेगवेगळा चालतो. 'तुंबाड' भयपट म्हणावा की नाही, यावर आपल्याकडे रंगणारा वादही मला याच जातीचा वाटतो. दचकण्याच्या जागा मोजणारा त्याला कमी गुण देतो, आणि त्या ओल्या, पावसाने काळवंडलेल्या वाड्यातली धास्ती जाणवलेला भरभरून देतो.

धक्क्याचं मोजमाप शरीर फार प्रामाणिकपणे देतं. नेदरलँड्समधल्या लायडन इथल्या डॉक्टरांनी एक सरळ प्रश्न विचारला: रक्त गोठवणारा चित्रपट खरंच रक्त गोठवतो का? २४ तरुण, निरोगी स्वयंसेवक घेतले. एका दिवशी त्यांनी 'इन्सिडियस' पाहिला, तर दुसऱ्या दिवशी शॅम्पेनवरचा एक निवांत माहितीपट. दोन्हींत आठवड्याहून जास्त अंतर. काहींनी आधी भयपट पाहिला, काहींनी नंतर. प्रत्येक वेळी चित्रपटाआधी आणि नंतर रक्त काढलं. रक्त गोठण्याच्या साखळीत 'फॅक्टर आठ' नावाचं एक प्रथिन असतं. माहितीपटाशी तुलना करता भयपटाने त्याचं प्रमाण डेसिलिटरमागे सुमारे ११ एककांनी वाढवलं. गुठळ्या मात्र तयार होऊ लागल्याचं कुठलंच चिन्ह दिसलं नाही. म्हणजे खुर्चीत बसलेल्या माणसाचं शरीर जखम होणार असं धरून तयारीला लागलं होतं, एवढंच. २०१५ च्या नाताळात हा निबंध 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये आला. असे साधे, नेटके प्रयोग वाचले की मन प्रसन्न होतं.

पण शरीर हादरलं म्हणून चित्रपट आवडलाच, असं होत नाही. डेन्मार्कमध्ये वाइले गावाजवळ 'डिस्टोपिया' नावाचं भुताचं घर आहे. ऑर्हुस विद्यापीठाच्या संशोधकांनी तिथल्या ११० जणांच्या छातीला ठोके मोजणारे पट्टे बांधले, ठरावीक जागी त्यांचं चित्रीकरण केलं आणि बाहेर आल्यावर किती घाबरलात, किती मजा आली हे विचारलं. भीती आणि मजा यांचा आलेख सरळ वर चढत गेला नाही, तो पालथ्या वाटीसारखा निघाला. फार कमी भीती वाटली तर मजा नाही, आणि फार वाटली तरी नाही. ठोक्यांतही तेच दिसलं. नेहमीच्या लयीपासून ते बेताने ढळले तेव्हाच मजा आली. त्या वाटीचं टोक प्रत्येकाचं वेगळ्या जागी असतं. एकाला जिथे रंगत येते तिथे दुसरा उठून जातो, आणि मग दोघांनी दिलेले तारे एकाच सरासरीत मिसळले जातात.

याच गटाने २०१९ मध्ये छापलेला एक अभ्यास मला त्याहून बोलका वाटतो. भुताच्या घरात शिरणाऱ्या २८० जणांना निवड दिली: जमेल तितकं घाबरा, नाहीतर भीती जमेल तितकी दाबा. भीती दाबणारे डोळे मिटून घेत होते, सोबत्याला बिलगत होते, हे सगळं खोटं आहे असं स्वतःला बजावत होते. बाहेर आल्यावर दोन्ही गटांचं समाधान जवळपास सारखंच होतं. बोटांच्या फटीतून चित्रपट पाहणाऱ्याला अस्सल चाहते हसतात, ते मला पूर्वीही पटत नव्हतं, आता तर अजिबात नाही.

भीती पूर्ण वजा केली तर? वैद्यकीय साहित्यात 'एस. एम.' या नावाने ओळखली जाणारी एक अमेरिकी स्त्री आहे. एका दुर्मीळ जनुकीय आजाराने तिच्या मेंदूतले दोन्ही बाजूंचे अमिग्डाला नष्ट झाले. बदामाएवढा हा भाग धोक्याची वर्दी देण्यासाठी फार महत्त्वाचा. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासासाठी तिला झपाटलेल्या म्हणून प्रसिद्ध असलेल्या एका जुन्या रुग्णालयात नेलं, हातात साप दिला, भयपटांतले प्रसंग दाखवले. ती घाबरली नाही. पण ते प्रसंग तिला कंटाळवाणे मुळीच वाटले नाहीत. ती रंगून गेली होती, आणि एका चित्रपटाचं तर तिने नाव विचारून घेतलं, भाड्याने आणून पाहायचा म्हणून. म्हणजे भीती शून्य असूनही उत्सुकता शाबूत होती.

त्यानंतर २०१३ मध्ये तिला आणि तसाच आजार असलेल्या आणखी दोघींना ३५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेली हवा हुंगायला दिली. तिघीही विलक्षण घाबरल्या. साप हातात धरणाऱ्या एस. एम.ला श्वास कोंडल्यावर भीतीचा झटका आला, आणि तोही अमिग्डालाशिवाय.